बंदुकीचा बोअर आणि शिकाऱ्याचा विवेक

कोकणातील, बेळगावकडील किंवा माळव्यातील एखाद्या जुन्या घरात भिंतीवरच्या खुंटीला दुनळी बंदूक टांगलेली ज्यांनी पाहिली असेल, त्यांच्या कानांवर ‘बारा बोअर’ हा शब्द नक्कीच पडलेला असेल. पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली छऱ्यांची बंदूक बहुधा बारा बोअरचीच असे. एखाद्या घरी सोळा किंवा वीस बोअरचीही असे. बारा बोअरची बंदूक मोठी की वीस बोअरची, असा प्रश्न नवख्या माणसाला विचारला तर तो वीस बोअरचीच मोठी म्हणून सांगेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद. हा उलटा हिशेब कोठून आला, आणि मोठी बंदूक हाताशी असताना माणसाने लहान नळीची बंदूक का निवडली, हा इतिहास मनोरंजक आहे. शिवाय तो केवळ लोखंडाचा व शिशाचा इतिहास नव्हे. आपल्या हातातील शक्ती कोठे थांबवावी, या प्रश्नाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

प्रथम आकड्याचा उलगडा करू. नळीच्या व्यासाचे सूक्ष्म मापन करण्याची साधने ज्या काळी सर्वत्र नव्हती, त्या काळी कारागिरांनी एक साधी युक्ती योजली. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिसे घ्यावयाचे, आणि नळीत बरोबर बसतील अशा समान गोळ्या त्याच्या ओतावयाच्या. बारा गोळ्या झाल्या तर नळी बारा बोअरची. वीस झाल्या तर वीस बोअरची. गोळी लहान तर तिची संख्या अधिक, म्हणून आकडा वाढला की नळी आकसते. इंग्लंडमध्ये १८६८ च्या नळी-परीक्षेच्या कायद्याने हे आकडे व्यासाशी कायमचे बांधून टाकले. त्या मापाने बारा बोअरचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, सोळाचा १६.८, विसाचा १५.६ आणि अठ्ठाविसाचा १४ मिलिमीटर होतो. ‘चारशे दहा’ म्हणून ओळखली जाणारी सर्वांत बारीक बंदूक मात्र या गणतीत येत नाही. तो आकडा गोळ्यांचा नसून इंचाच्या सहस्रांशांचा आहे. तिची नळी जेमतेम १०.४ मिलिमीटर रुंद असते.

या हिशेबात गणिताची एक गंमत दडलेली आहे. गोळीचे वजन तिच्या व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. म्हणून दहा बोअरवरून वीस बोअरवर आले की गोळीचे वजन निम्मे होते, पण नळीचा व्यास केवळ एक पंचमांशानेच कमी होतो. हाताला आणि डोळ्याला फरक थोडा भासतो. परंतु नळीतून बाहेर पडणाऱ्या शिशाच्या दृष्टीने तो पुष्कळ असतो. लहान बोअरची बंदूक निवडताना शिकाऱ्याची जी फसगत होते, तिचे मूळ येथेच आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस शिकारीची बंदूक ठासणीची होती. दारू, बोळा, छरे आणि पुन्हा बोळा असे एकापाठोपाठ एक नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावे लागे. चकमकीची ठिणगी आधी कानातील दारूवर पडे आणि मग आत पोहोचे. तो भडका पाहून चतुर पाखरू सावध होई आणि छरे येण्यापूर्वीच दिशा बदली. स्कॉटलंडमधील बेलहेल्व्ही येथील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोरसाइथ हे शिकारीचे शौकीन होते. पक्ष्यांच्या या चातुर्यामुळेच त्यांनी आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा नवा चाप शोधून काढला आणि १८०७ मध्ये त्याचा हक्क नोंदविला. पुढे जगातील सर्व सैन्यांच्या बंदुका बदलून टाकणारा हा शोध एका पाद्र्याच्या बदकांच्या शिकारीतून निघाला, ही इतिहासातील विलक्षण घटना म्हटली पाहिजे.

त्या काळी रानात हिंडून उडत्या पाखरांवर मारावयाच्या पुष्कळशा दुनळी बंदुका चौदा ते बावीस बोअरच्या, म्हणजे आजच्या मानाने मध्यम किंवा लहानच असत. खरा मोठ्या नळीचा हव्यास पाण्यावर होता. खाडीत वा दलदलीत उतरलेले बदकांचे थवे माणसाला जवळ येऊ देत नाहीत. दारूचे बळ मर्यादित होते, आणि छरे नळीबाहेर पडताच फाकत. तेव्हा लांबच्या थव्यावर पुरेसे छरे पोहोचवावयाचे तर ते मुळातच अधिक भरणे एवढा एकच उपाय होता. म्हणून आठ बोअर, चार बोअर आणि त्याहूनही मोठ्या बंदुका निघाल्या. शेवटी खांद्याला पेलणार नाही अशी तोफेसारखी नळी सपाट होडीवर बसवून, होडीत पालथे पडून, हळूहळू थव्याकडे सरकण्याची रीत रूढ झाली. कर्नल पीटर हॉकर हा इंग्रज अधिकारी या विद्येचा आचार्य मानला जातो. १८०९ मध्ये तालाव्हेराच्या लढाईत त्याची मांडी जायबंदी झाली आणि पुढील सारे आयुष्य त्याने खाडीतील शिकारीला वाहिले. तरुण शिकाऱ्यांसाठी त्याने लिहिलेला ग्रंथ १८१४ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. होडीवरील अशा बंदुकीच्या एका बारात अर्धा किलोपर्यंत वा त्याहून अधिक छरे सुटत आणि कित्येक डझन पाखरे एकदम पाण्यावर पडत. किती मेली, किती जखमी होऊन लव्हाळ्यात शिरली, याची मोजदाद कोण ठेवणार?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदुकीचे रूप पालटले. पॅरिसचा कारागीर लफोशो याची मागून काडतूस घालावयाची बंदूक १८५१ च्या लंडन प्रदर्शनात इंग्रज कारागिरांनी पाहिली, आणि दहा वर्षांच्या आत गज व ठासणी मागे पडू लागली. १८६० च्या दशकात प्रशियाच्या तोफखान्यातील अधिकारी शुल्त्से याने लाकडापासून नव्या प्रकारची दारू केली. तिचा धूर फार कमी होता. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची सुधारणा म्हणजे ‘चोक’, अर्थात नळीचे तोंड किंचित आवळून घेणे. ही कल्पना १८६० च्या दशकातच इंग्लंडात व अमेरिकेत अनेकांना सुचलेली होती. परंतु बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याने १८७४ मध्ये ती पद्धतशीरपणे बाजारात आणली आणि पुढच्या वर्षी लंडनमधील जाहीर चाचण्यांत तिची सरशी झाली. छऱ्यांची परीक्षा करण्याची रीत अशी : चाळीस यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरांवर, तीस इंच व्यासाचे वर्तुळ काढावयाचे आणि शेकडा किती छरे त्यात पडतात ते मोजावयाचे. सरळ नळीचे शेकडा चाळीसच्या आसपास छरे त्यात पडत. पूर्ण चोकच्या नळीचे सत्तर पडू लागले.

याचा अर्थ काय झाला? पूर्वी जे काम अधिक शिसे भरून करावे लागे, ते आता थोड्या शिशात होऊ लागले. मोठी नळी ही गरज राहिली नाही. बारा बोअरची बंदूक वजनाला सुमारे तीन किलो, दिवसभर हाती वागविण्याजोगी आणि बहुतेक सर्व पाखरांना पुरेशी ठरली. काडतुसे कारखान्यांत तयार होऊ लागल्यावर तर सर्वांना सोयीचे असे एक माप हवेच होते. अशा रीतीने बारा बोअर हे इंग्लंडचे आणि इंग्रजी अमलाबरोबर हिंदुस्थानचेही सर्वमान्य माप बनले.

येथे कोणी म्हणेल की बंदूक लहान झाली, तेव्हा संहारही कमी झाला असेल. इतिहास तशी साक्ष देत नाही. ज्या लॉर्ड रिपन यांनी व्हाइसरॉय म्हणून १८८० ते १८८४ या काळात हिंदी जनतेला स्थानिक स्वराज्याची वाट दाखविली, त्यांचे चिरंजीव, दुसरे मार्क्विस ऑफ रिपन, हे इंग्लंडमधील पहिल्या प्रतीचे नेमबाज होते. १९२३ च्या सप्टेंबरात शिकारीच्या माळावरच त्यांना मृत्यू आला, तोवर त्यांच्या वहीत साडेपाच लाखांहून अधिक पशुपक्ष्यांची नोंद झाली होती. हे सारे त्यांनी हलक्या, सुबक बारा बोअर बंदुकांनी केले. १८ डिसेंबर १९१३ रोजी बकिंगहॅमशरमधील हॉल बार्न येथे राजे पंचम जॉर्ज यांच्यासह मोजक्या नेमबाजांनी एका दिवसात ३,९३७ फेझंट पक्षी पाडले. परतताना आज आपण जरा अतिरेक केला, असे खुद्द राजालाच वाटल्याचे त्याच्या पुत्राने पुढे नमूद केले आहे. आणि आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या तळ्यावर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत ४,२७३ पाखरे पडली. तेथील शिलालेखावर हे आकडे आजही कोरलेले आहेत. होडीवरची तोफ थव्यावर चाले, ही बंदूक एकेका पाखरावर. पण भराभर काडतुसे भरता येऊ लागल्यावर आणि भरलेली दुसरी बंदूक हाती देणारा नोकर पाठीशी उभा राहिल्यावर, नळीच्या लहानपणाला काही अर्थ उरला नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या मार्गाने पुढे आला. तेथे पाखरांचे मांस शहरांच्या बाजारात विकण्यासाठी शिकार करणारा मोठा वर्ग होता. चेसापीक उपसागरावर होडीतील प्रचंड बंदुका रात्रीच्या अंधारात झोपलेल्या थव्यांवर चालत. एके काळी ज्यांच्या थव्यांनी आकाश झाकोळून जाई, ती प्रवासी कबुतरे जाळ्यांनी, बंदुकांनी आणि जंगलतोडीने नाहीशी झाली. त्या जातीची शेवटची मादी मार्था १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावली. तत्पूर्वी १९०० मध्ये लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या शिकारीचा राज्याराज्यांतील व्यापार बंद करण्यात आला होता. १९१६ मध्ये कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी करार झाला आणि १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आला. त्याखालील नियमांनी अशा पक्ष्यांवर दहा गेजहून मोठी बंदूक चालविण्यास मनाई केली. अमेरिकेत बोअरलाच गेज म्हणतात. १९३५ मध्ये एका वेळी बंदुकीत तीनहून अधिक काडतुसे भरण्यासही बंदी आली. नळीच्या मापावर समाजाने घातलेले हे स्पष्ट बंधन होते. माणसाने आपल्या बुद्धीने जे केले नाही, ते कायद्याला करावे लागले. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने पावणेदोन इंचांहून रुंद तोंडाच्या नळीला बंदी घातली. मर्यादा आली, पण ती पुष्कळच सैल आली.

याच काळात काही शिकाऱ्यांनी कायदा सांगतो त्याहून पुष्कळ खाली, आपखुशीने, उतरण्यास आरंभ केला. अमेरिकेच्या दक्षिण भागात कुत्रा पुढे घालून लाव्यांच्या मागे दिवसभर चालणाऱ्यांना वीस बोअरची बंदूक आवडू लागली, पुढे अठ्ठावीसचीही. कारण उघड होते. ग्रीनरच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे : बंदुकीचे वजन तिच्यातील छऱ्यांच्या वजनाच्या शहाण्णव पट असावे, म्हणजे खांद्याला बसणारा धक्का सोसण्याजोगा राहतो. बारा बोअरच्या काडतुसात ३२ ग्रॅम छरे धरले तर बंदूक तीन किलोंची हवी. विसाच्या २५ ग्रॅमांना २.४ किलो पुरतात, आणि अठ्ठाविसाच्या २१ ग्रॅमांना दोन. डोंगर चढताना संध्याकाळी हातांना हा फरक जाणवतो. जवळून भुर्रकन उठणाऱ्या पाखरावर हलकी बंदूक चटकन वळते. पाखरू जवळून उठते, म्हणून छरे थोडे असले तरी भागते.

स्कीट या नेमबाजीच्या खेळानेही लहान बोअर जिवंत ठेवले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथे काही शिकाऱ्यांनी सरावासाठी तो सुरू केला आणि १९२६ मध्ये त्याला हे नाव मिळाले. पुढे त्याच्या स्पर्धांत बारा, वीस, अठ्ठावीस आणि चारशे दहा असे वर्ग ठरले, म्हणून त्या मापांची काडतुसे बाजारात टिकली. सोळा बोअरला तेथे जागा नव्हती. उत्तम बंदूक असूनही अमेरिकेत ती मागे पडली, याचे हे एक कारण सांगितले जाते. वस्तूचे आयुष्य तिच्या गुणांवरच ठरते असे नाही.

लहान बोअरविषयी दोन समजुती फार जुन्या आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली अशी की लहान नळीचे छरे दुबळे असतात. वस्तुतः एकाच आकाराचा छरा बारा बोअरमधून निघो वा विसामधून, त्याचा वेग जवळजवळ सारखाच असतो आणि लागणारा घावही सारखाच बसतो. दुसरी समजूत अशी की लहान नळीचे छरे कमी फाकतात, म्हणून तिचा नेम अधिक कठीण व अधिक शुद्ध. छरे किती फाकतात हे मुख्यतः चोकवर ठरते, बोअरवर नव्हे. मग खरा फरक कोणता? फरक संख्येचा आहे. इंग्रजी सहा नंबरचे छरे घेतले तर बाराच्या ३२ ग्रॅमांत ते सुमारे ३०० भरतात, विसाच्या २५ ग्रॅमांत २३५, आणि चारशे दहाच्या १४ ग्रॅमांत १३५. त्यातले निम्मे चाळीस यार्डांवरील वर्तुळात पडले असे धरू. बाराच्या वर्तुळात सरासरीने दर तीस चौरस सेंटिमीटरांना एक छरा येईल. चारशे दहाच्या वर्तुळात दर अडुसष्ट चौरस सेंटिमीटरांना एक. एवढ्या विरळ जाळ्यातून लहानसे पाखरू अंगावर एखादाच छरा घेऊन निसटते. ते त्या क्षणी मरत नाही. दूर झुडपात जाऊन दोन दिवसांनी मरते.

म्हणून लहान बोअरची बंदूक ही दयेची बंदूक आहे असे म्हणणे अर्धसत्य होय. ती दयेची ठरते एका अटीवर : तिच्या धन्याने पाखराच्या अधिक जवळ गेले पाहिजे, आणि अंतर वाढले की बोट चापावरून काढले पाहिजे. बारा बोअरवाला ज्या पाखरावर बार टाकील, त्यातली काही पाखरे वीस बोअरवाल्याने सोडून द्यावयाची असतात. जो ही अट पाळतो त्याच्या हाती लहान बंदूक म्हणजे संयमाचे व्रत. जो पाळत नाही त्याच्या हाती तीच क्रौर्याचे साधन होते. मुलाला पहिली बंदूक म्हणून हलकी चारशे दहा द्यावी, असा रिवाज अनेक देशांत आहे. तिचा धक्का सौम्य, एवढ्यापुरते ते योग्यच. परंतु सर्वांत थोड्या छऱ्यांची बंदूक सर्वांत अननुभवी हाती देणे, हे सर्वांत कठीण काम सर्वांत धाकट्यावर सोपविण्यासारखे आहे. जाणते शिकारी त्याच बंदुकीचा उपयोग कसलेल्या हातांसाठी राखून ठेवतात, ते याच कारणाने.

यातून पळवाट काढण्याचा प्रयत्नही झाला. विसाचे काडतूस लांब करून त्यात बाराएवढे छरे भरू लागले आणि त्याला मॅग्नम हे भारदस्त नाव दिले. अरुंद नळीत छऱ्यांचा स्तंभ उंच होतो. बार उडताना तळचे मऊ शिसे वरच्या भाराखाली चेपते आणि वेडेवाकडे झालेले छरे इकडेतिकडे भरकटतात. हलक्या बंदुकीतून जड बार उडविल्याने खांद्यालाही शिक्षा होते. लहान बंदूक घ्यावयाची आणि तिच्याकडून मोठीचे काम अपेक्षावयाचे, हा व्यवहार दोन्हीकडून तोट्याचा.

एक धोका तर प्राणांतिक आहे, आणि ज्या घरात दोन बोअरच्या बंदुका असतात तेथे तो आजही संभवतो. विसाचे काडतूस चुकून बाराच्या नळीत गेले तर ते मागे अडत नाही. थोडे पुढे सरकून नळीत रुतून बसते. मागून पाहिले तर नळी रिकामी दिसते. गडबडीत शिकारी बाराचे काडतूस घालतो आणि चाप ओढतो. पुढची नळी बंद असल्याने ती फुटते आणि नेमका तिच्याखाली धरलेला हात जायबंदी होतो. अशा अपघातांवरून धडा घेऊन विसाच्या काडतुसाला पिवळा रंग देण्याची पद्धत पडली. दोन मापांची काडतुसे एकाच खिशात ठेवू नयेत, हा नियम कित्येक बोटांची किंमत देऊन शिकलेला आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कथेला अनपेक्षित वळण मिळाले. तळ्यांच्या बुडाशी वर्षानुवर्षे साचलेले शिशाचे छरे बदके खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच लक्षात आले होते. न लागलेला बारही पाखराला मारतो, असा त्याचा अर्थ. अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला देशभर बंदी केली. इंग्लंडमध्ये १९९९ पासून तशी बंदी आली. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांपुरती ती लागू केली. शिशाच्या जागी पोलाद आले. पण शिसे पाण्याच्या ११.३ पट जड, तर पोलाद ७.८ पटच. हलका छरा लवकर मंदावतो. म्हणून तो आकाराने मोठा घ्यावा लागतो आणि मोठे छरे मावण्यास मोठे काडतूस लागते. परिणामी बदकांचे शिकारी पुन्हा दहा बोअरकडे आणि लांब काडतुसांच्या बाराकडे वळले. त्यानंतर टंगस्टनचे छरे निघाले. ते पाण्याच्या सुमारे १८ पट जड असल्याने बारीक छराही दूरवर पोहोचतो, आणि ज्या चारशे दहाला कोणी गंभीरपणे घेत नसे, तिने अमेरिकेत टर्कीसारखा मोठा पक्षीही मारला जाऊ लागला. मात्र ते छरे अत्यंत महाग पडतात. शतकभरापूर्वी चोकने जे केले तेच आता धातूने केले. साधन सुधारले की नळी लहान होते, आणि नळी लहान झाली तरी पल्ला वाढविण्याचा मोह सुटत नाही.

युरोपातील कॅथलिक देशांत शिकाऱ्यांचा आश्रयदाता संत म्हणून संत ह्युबर्ट यांना मान आहे. बेल्जियम व फ्रान्समध्ये ३ नोव्हेंबरच्या सुमारास त्यांच्या सणानिमित्त शिकारीची शिंगे वाजवून मिस्सा होते. त्यांची आख्यायिका मोठी अर्थपूर्ण आहे. शुभ शुक्रवारी सारे लोक प्रार्थनेला गेले असता हा सरदार हरणामागे धावत होता. हरण वळून उभे राहिले आणि त्याच्या शिंगांमध्ये त्याला तेजस्वी क्रूस दिसला. त्याने शिकार सोडली, तो धर्मगुरू झाला आणि पुढे लिएजचा बिशप म्हणून ७२७ मध्ये निवर्तला. ज्याने हत्यार खाली ठेवले त्यालाच शिकाऱ्यांनी आपला संत मानले, यात एक गूढ संगती आहे. केव्हा थांबावे हे ज्याला कळले तोच खरा शिकारी, अशी ती लोकमानसाची कबुली असावी.

आपल्या मुंबईत याच तऱ्हेची, परंतु आख्यायिका नसलेली, एक सत्यकथा घडली. १८९६ च्या १२ नोव्हेंबरला जन्मलेल्या सलीम अली या मुलाजवळ छऱ्याची हवेची बंदूक होती; सर्व बंदुकांत ती सर्वांत लहान. १९०८ च्या सुमारास तिने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्याला पिवळा डाग दिसला. ही चिमणी कोणती, हे विचारण्यासाठी तो १८८३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेला. तेथे मिलार्ड या सचिवांनी त्याला पेंढा भरलेल्या पाखरांची कपाटे उघडून दाखविली. त्या एका पाखराने त्या मुलाचे आयुष्य बदलले आणि भारताला थोर पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. भरतपूरला चार हजारांवर पाखरे पडली तो दिवस सलीम अलींच्या बेचाळिसाव्या वाढदिवसाचा होता, हा केवळ योगायोग. परंतु पुढे त्याच भरतपूरच्या पाणथळीच्या रक्षणासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले, हा योगायोग नव्हे. १९८५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, त्याला त्यांनी एका चिमणीच्या पडण्याचेच नाव दिले. आणि त्याच वर्षी भरतपूरचे केवलादेव उद्यान जागतिक वारशाच्या यादीत गेले.

भारतात कोणता बोअर निवडावा हा प्रश्न शिकाऱ्यापुढे आता उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार येथे संपुष्टात आली. ज्या देशांत ती अद्याप परवान्याने चालते, तेथे तो प्रश्न दर हंगामाला नव्याने उभा राहतो. पौंडभर शिशाच्या गोळ्या मोजून ठरविलेला तो जुना आकडा नळीत किती शिसे मावेल एवढेच सांगतो. किती दूरच्या पाखरावर बार टाकू नये, हे कोणत्याही नळीवर कोरलेले नसते. ते चापावर बोट ठेवणाऱ्याने स्वतःच ठरवावे लागते.